काका चहा न घेता उठले. आता पुढे काय?

पत्र

सप्रेम नमस्कार. आमची सोलापुरात एक पुस्तक भिशी आहे. दर महिन्याला एकाच्या घरी जमायचं, घरून वाचून आलेल्या पुस्तकावर बोलायचं आणि मग खाणंपिणं. या वेळी पाळी माझी होती. मी यू. आर. अनंतमूर्तींची 'संस्कार' ही कन्नड कादंबरी निवडली. कुणी इंग्रजीतून वाचली, कुणी हिंदीतून, आणि एका काकांनी थेट मूळ कन्नडमधून. काका सत्तरीच्या पुढचे, माध्व ब्राह्मण, घरी कन्नडच बोलतात. बसल्या बसल्या ते म्हणाले, "आपल्याच लोकांची बेअब्रू करून नाव कमावलं या माणसाने." आमच्यातली सगळ्यात लहान मुलगी पीएच.डी. करते. ती म्हणाली, "मला राग वेगळाच आला. कादंबरीच्या नायकाला, त्या आचार्यांना, ज्ञान व्हावं म्हणून एक बाई वापरली, आणि खालच्या मानलेल्या जातीतल्या बाईला तर नुसतं अंग दिलंय, तोंड दिलेलंच नाही." आवाज चढले. मला सुचेना. मी आमच्यातल्या एकट्या दलित ताईंकडे वळून म्हटलं, "तुम्हीच सांगा, तुम्हाला काय वाटलं?" त्या हसून म्हणाल्या, "मला वाचायला वेळच नाही मिळाला." काका चहा न घेता उठून गेले. तेव्हापासून ग्रुपवर फक्त सुप्रभात चालू आहे.

असं पुस्तक मी निवडायलाच नको होतं का? आता सावरायचं कसं? आणि खरं सांगू का, मला ते आचार्य आवडले. शेवटपर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत राहिले. त्या मुलीचं बोलणं ऐकून मला माझीच लाज वाटली. यात माझं काही चुकतंय का? पुढच्या महिन्यात काहीतरी हलकंफुलकं घेऊ का?

– भिशीवाली, सोलापूर

उत्तर

भिशीवाल्या ताई, नमस्कार.

काकांकडे नंतर येते. आधी त्या दुसऱ्या ताईंबद्दल, कारण तुमच्या पत्रात त्या दोन ओळींत आल्या आणि तुम्ही पुढे निघून गेलात. माझ्या मते त्या संध्याकाळी सगळ्यात वाईट जे झालं ते तिथेच झालं. बाकीच्यांना तुम्ही वाचक म्हणून बोलू दिलंत. त्यांना मात्र जातीच्या वतीने बोलायला उभं केलंत, आणि तेही दुसऱ्यांचं भांडण विझवायला. दीडशेच्या आसपास पानांची कादंबरी महिनाभरात वाचून झाली नाही, हे मला पटत नाही आणि तुम्हालाही पटलेलं नसणार. त्यांनी स्वतःची सुटका करून घेतली आणि वर तुमचीही लाज राखली. त्यांना एकटीला फोन करा. "त्या दिवशी मी तुम्हाला असं पुढे करायला नको होतं," एवढं म्हणा आणि थांबा. "माझ्या मनात तसं काही नव्हतं" हे तर चुकूनही म्हणू नका. मग तुमची समजूत घालायचं काम त्यांच्याच गळ्यात पडतं. पुढच्या बैठकीला त्या येतील, न येतील, बोलतील, गप्प बसतील, ते त्यांचं त्या बघतील.

आता निवडीचं. पुस्तक निवडण्यात तुमची चूक नाही. ते हातात देताना दोन वाक्यं कमी पडली, एवढंच. अशा पुस्तकाबरोबर ग्रुपवर साधासा निरोप जायला हवा: यात एका अग्रहारातल्या, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीतल्या लोकांचं फार कडवट चित्र आहे, बायकांच्या देहाची वर्णनं आहेत, साथीत माणसं मरतात, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली बायको आहे; ज्यांना सध्या हे नको असेल त्यांनी या वेळी नुसतं ऐकायला यावं. यात गोष्ट फुटत नाही. लोकांना वाटतं अशी कल्पना फक्त शृंगाराच्या पानांसाठी द्यायची असते. पण तुमच्यातल्या एखाद्याच्या घरी खरोखरच कुणी अंथरुणावर असेल, तर नायक प्राणेशाचार्य रोज आपल्या आजारी बायकोची, भागीरथीची सेवा करतात आणि त्या सेवेत स्वतःचं पुण्य मोजतात, ते पान त्याला शृंगार जिच्याभोवती आहे त्या चंद्रीच्या कुठल्याही पानापेक्षा जास्त लागेल.

हे सदर वाचणाऱ्या सगळ्यांनीच 'संस्कार' वाचली असेल असं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. तुंगेच्या काठी दुर्वासपूर नावाचा माध्व ब्राह्मणांचा अग्रहार. तिथला नारणप्पा शिवमोग्ग्याहून ताप घेऊन येतो आणि मरतो. या माणसाने शाळिग्राम नदीत फेकलेला, देवळाच्या तळ्यातले मासे धरलेले, लग्नाची बायको टाकून चंद्रीला घरात आणलेलं, मुसलमान मित्रांबरोबर खाल्लेलं-प्यायलेलं. तरी अग्रहाराने त्याला जातीबाहेर टाकलं नाही, कारण त्याने धमकी दिली होती की टाकलंत तर मी मुसलमान होईन. म्हणजे मेला तेव्हा तो ब्राह्मणच होता. त्याला अग्नी कुणी द्यायचा? देणाऱ्याला दोष लागेल, आणि न द्यावा तर प्रेत उचलल्याशिवाय कुणालाच जेवता येत नाही. सगळा अग्रहार उपाशी पोटी काशीत शिकून आलेल्या प्राणेशाचार्यांच्या तोंडाकडे बघत बसतो.

आता काका. त्यांना "अहो, कादंबरी आहे ती, मनावर काय घेता" असं कुणी म्हटलं असेल तर ते त्यांना अपमानासारखंच लागलं असणार. कादंबरी मनावर घ्यायची नाही तर मग भिशी कशाला भरवायची? दुसरं एक नेहमीचं उत्तर म्हणजे "लेखक स्वतः ब्राह्मणच होता". तेही इथे लंगडं आहे, कारण काकांची तक्रार नेमकी तीच आहे: घरच्याने घरचं बाहेर काढलं. आणि ही तक्रार काही पहिल्यांदा तुमच्या दिवाणखान्यात झालेली नाही. याच कादंबरीवर पट्टाभिराम रेड्डींनी सिनेमा केला, तेव्हा मद्रासच्या सेन्सॉरने तो अडवून धरला. पुढे तो सुटला आणि 1970 सालचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून त्यालाच राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. आपल्याकडे पुण्यात 1972 च्या डिसेंबरात 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आलं आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच ते थांबवलं, तेव्हाही नाराजीचा सूर हाच होता. तेव्हा काकांना एकटं पाडून 'जुन्या वळणाचे' म्हणून बाजूला ठेवू नका. ते एका जुन्या आणि खऱ्या दुखण्याबद्दल बोलताहेत.

पण त्यांच्याजवळ आणखी एक गोष्ट आहे, जी तुमच्यातल्या दुसऱ्या कुणाजवळ नसेल. या कादंबरीचं सगळं यंत्र ज्या नियमांवर फिरतं, ते नियम काकांनी घरात पाळलेले बघितले आहेत. प्रेत घरात असताना चूल का पेटत नाही, अग्नीचा अधिकार कुणाकडून कुणाकडे जातो, मृत माणसाला मूलबाळ नसेल तर नात्यातल्या कुणावर ते येतं, सुतकात देवळाच्या पंगतीला बसणं म्हणजे काय, हे त्या पीएच.डी.वाल्या मुलीला माहीत नसणार आणि तुम्हालाही अर्धंमुर्धंच माहीत असेल. ते कळलं नाही तर पहिला सगळा भाग 'किती हे कर्मठ लोक' एवढ्यावर संपतो आणि आपण वर जास्तीचं शहाणपण घेऊन उठतो. काकांना जाऊन भेटा. पुस्तकाची बाजू मांडायला जाऊ नका. "पहिला अर्धा तास तुम्ही आम्हाला हे समजावून द्याल का?" असं विचारा. कदाचित ते नाही म्हणतील. पण मला वाटतं, सत्तरीच्या माणसाला असं खरोखरच्या गरजेने फार दिवसांत कुणी काही विचारलेलं नसतं.

आणि ते आले, तर त्यांच्यासमोर एक प्रसंग ठेवा, सोन्याचा. नारणप्पाचं प्रेत घरात पडलंय. गरुडाचार्य आणि लक्ष्मणाचार्य दोघेही नात्यातले, पण दोघेही अंग काढून घेतात: आमचा त्याचा संबंध तुटला, त्याने आमचं असं केलं, तसं केलं. सगळे खाली माना घालून बसलेले. मग बाजूला उभी असलेली चंद्री काहीही न बोलता गळ्यातलं, हातातलं काढते आणि आचार्यांपुढे ठेवते: खर्चाला. बस. तिथून हवा पालटते. ज्यांचा संबंध तुटला होता त्यांना आता नातं आठवायला लागतं. घरी गेल्यावर बायका नवऱ्यांच्या मागे लागतात, ते सोनं दुसऱ्याच्या घरात जाता कामा नये. काकांना इतकंच विचारा, यात टवाळी कुणाची आहे? शास्त्राची, की सोनं दिसल्याबरोबर ज्यांना शास्त्र वेगळं दिसू लागलं त्या माणसांची? कारण शास्त्र खरोखर मानणारा एक माणूस याच कादंबरीत आहे, आणि त्याच्याकडे बघून लेखक एकदाही हसलेला नाही. आचार्य रात्रभर ग्रंथ चाळतात, उत्तर सापडत नाही. मारुतीच्या देवळात जाऊन बसतात, देवाने उजवं फूल द्यावं म्हणून दिवसभर वाट बघतात, फूल पडत नाही. इकडे घरी आजारी बायको आहे, तिच्या औषधाची वेळ झाली आहे, तिकडे गावावर गिधाडं उतरताहेत, आणि हा माणूस दगडाच्या मूर्तीकडे एकटक बघतोय. श्रद्धाळू माणसाला या पानांत चेष्टा दिसणार नाही. भीती दिसेल.

एवढं होऊनही काकांचा राग राहिला तर राहू द्या. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, असं मलाही एका जागी वाटतं. प्राणेशाचार्य आणि नारणप्पा सोडले तर बाकीचे ब्राह्मण एकेका दुर्गुणाचे केलेले आहेत. हा हावरा, तो लोभी, तिसरा चोरून बघणारा. दासाचार्य भुकेने व्याकूळ होऊन पारिजातपूरच्या, यांच्यापेक्षा खालच्या मानलेल्या ब्राह्मणाकडे जाऊन गुपचूप खाऊन येतो, ते पान वाचताना हसू येतं, पण त्याला भुकेपलीकडे काही दिलेलं नाही. मला यात पहिल्या कादंबरीचा हात दिसतो. अनंतमूर्तींच्या नावावर त्याआधी कथा होत्या, पण कादंबरी ही पहिलीच. 1965 साली ती आली तेव्हा ते तिशीच्या सुरुवातीला होते आणि इंग्लंडात बर्मिंगहॅमला पीएच.डी. करत होते. तिथे आपले मार्गदर्शक माल्कम ब्रॅडबरी यांच्याबरोबर स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचा साथीच्या रोगाच्या काळातला सिनेमा बघितला आणि त्यातून ही कादंबरी सुचली, असं त्यांनीच सांगितलंय. माणूस घरापासून इतका लांब गेला की त्याला घर एकदम स्वच्छ दिसतं, आणि थोडं सपाटही दिसतं. पहिल्या पुस्तकात बहुतेक लेखक घरचा हिशेब चुकता करायला बसतात, तेव्हा शेजारीपाजारी असे एकेका ओळीत उरकले जातात. 'पहिलीच कादंबरी, सोडून द्या' असं मी म्हणत नाही. पण बैठकीत "ही माणसं खरी वाटतात का?" हा प्रश्न "ब्राह्मणांची बदनामी झाली का?" यापेक्षा कितीतरी जास्त कामाचा आहे, आणि काका तो सगळ्यात चांगला हाताळू शकतील, कारण अशी माणसं त्यांनी खरी बघितली आहेत.

त्या मुलीचं म्हणणं मला जवळजवळ पटतं, आणि तरी तिला मी असंच सोडणार नाही. ब्राह्मण बायका वाळलेल्या, निस्तेज, आणि चंद्री नाहीतर गावाबाहेरच्या वस्तीतली बेळ्ळी मात्र भरलेल्या, रसरशीत: ही विभागणी कादंबरीभर आहे. यावर ठरलेला बचाव असा की ही नजर त्या त्या पुरुषाची आहे, लेखकाची नव्हे. तो काही पानांवर टिकतो. अग्रहारातला श्रीपती बेळ्ळीकडे बघतो किंवा दुर्गाभट्ट चंद्रीकडे बघतो तेव्हा ते डोळे त्यांचेच असतात आणि आपल्याला ते डोळे ओशाळवाणे वाटावेत अशीच मांडणी असते. पण काही ठिकाणी पुरुष बाजूला होतो आणि वर्णन तसंच चालू राहतं, आणि तिथे बचाव संपतो. त्या मुलीला सांगा, दोन्ही प्रकारची एकेक जागा काढून आण. राग आला म्हणजे वाचन झालंच, पण तो नेमक्या कुठल्या ओळीवर आला हे दाखवलं की समोरच्याला त्या ओळीला उत्तर द्यावं लागतं. नुसत्या रागाला सगळे 'तुझं वय तसं आहे' म्हणून मोकळे होतात. (वर्णनं मोठ्याने वाचायला लावू नका कुणाला. पान क्रमांक सांगायचा, ज्याने त्याने मनात वाचायचं.)

आणि मग सगळ्यांना एक साधा प्रश्न विचारा. नारणप्पाच्या प्रेताचं शेवटी काय झालं?

विचारून बघा. मी हे पुस्तक ज्या ज्या गटात बोललं जाताना ऐकलंय, तिथे निम्म्या लोकांना ते आठवत नाही. आचार्य आणि चंद्री देवळावरून परतताना रानात एकत्र आले ती रात्र सगळ्यांना आठवते. ज्ञान, पतन, मुक्ती, जो तो आपापला शब्द घेऊन तयार असतो. पण त्याच रात्री पुढे काय होतं? आचार्य म्हणतात, आता माझा अधिकार गेला, उद्या तूच सगळ्यांसमोर सांग. चंद्री घरी जाते. तिथे ज्याच्याबरोबर तिने वर्षं काढली त्या माणसाचं प्रेत कुजतंय. ती एका गाडीवानाकडे जाते, तो घाबरून नकार देतो. मग ती मुसलमान वस्तीत जाऊन अहमद बारी या मासळीवाल्याला उठवते. तो गाडी जुंपतो, लाकडं घेतो, रातोरात प्रेत स्मशानात नेऊन दोघं दहन करतात, आणि चंद्री कुंदापूरच्या वाटेला लागते. सकाळी अग्रहाराला यातलं काहीही ठाऊक नाही. प्रेताची राख झालेली आहे आणि ब्राह्मण मात्र त्याचं काय करायचं हे विचारायला कैमर गाव, तिथून मठ, अशी पायपीट करताहेत. आचार्य धर्म, इच्छा, निर्णय असल्या शब्दांशी झुंजताहेत. ज्या प्रश्नावर सगळी कादंबरी उभी आहे तो एका बाईने आणि एका मासळीवाल्याने एका रात्रीत निकालात काढला, आणि लेखकाने तो दोन पानांत, जराही आवाज न करता सांगून टाकला.

आता त्या मुलीला विचारा, चंद्री 'वापरली गेली' का? ती कदाचित म्हणेल, हो, कारण एवढं करून ती पुस्तकातून निघूनच जाते आणि उरलेली पानं परत आचार्यांना मिळतात. हेही खरंच आहे. इथे कुणी जिंकत नाही, आणि बोलायला मजा येते ती याच जागी.

गावाबाहेरच्या दलित वस्तीचंही याच ओघात निघेल. तिथेही उंदीर मरताहेत, माणसं मरताहेत, प्रेतासकट झोपडी पेटवून दिली जाते आणि दुसऱ्या दिवशी आयुष्य पुढे चालू. इकडे एका प्रेतासाठी सगळा अग्रहार अन्न सोडून बसलाय आणि तिकडच्या मरणांना काही ओळी. हे शेजारी शेजारी ठेवलंय ते लेखकाने मुद्दामच, असं मला वाटतं. त्यातला चटका चुकून आलेला नाही. पण त्या वस्तीतल्या एकाही माणसाच्या मनात लेखक आत शिरलेला नाही, हेही तितकंच खरं. हा प्रश्न बैठकीत सगळ्यांपुढे ठेवा आणि उत्तराची सुरुवात तुम्ही स्वतः करा. त्या ताईंकडे त्या वेळी बघूसुद्धा नका.

आता तुमचं गुपित. तुम्हाला आचार्य आवडले. अहो, आवडणारच. तिसऱ्या भागात लेखकाने तुम्हाला दुसरा सोबतीच ठेवलेला नाही. भागीरथी साथीत गेली, आचार्यांनी तिला अग्नी दिला आणि अंगावरच्या कपड्यानिशी वाट फुटेल तिकडे निघाले; तिथून पुढे आपण त्यांच्याच डोक्यात बसून चालतो. वाटेत तो पुट्टा भेटतो आणि चिकटतो. बडबड्या, उखाणे घालणारा, सोडता न येणारा. त्याच्याबरोबर मेळिगेच्या जत्रेत रथ, गर्दी, कॉफी, कोंबड्यांच्या झुंजी, आणि या सगळ्यात एक सुतकी माणूस, ज्याला प्रत्येक वळणावर वाटतंय की आता मला कुणीतरी ओळखणार. मग देवळाच्या पंगतीत तो खरंच ओळखला जातो आणि पानावरून पळतो. हे मेळिगे म्हणजे अनंतमूर्तींचं जन्मगाव. आचार्यांना त्यांनी आणून सोडलं ते आपल्या लहानपणच्या जत्रेत. इतक्या जवळून लिहिलेल्या माणसाबरोबर तुम्ही चाललात, तर त्यात लाज कसली? एखाद्याच्या भीतीत आपण सामील होतो म्हणजे त्याचा न्याय आपण मान्य केला असं होत नाही. तुमच्या पत्रात हे दोन्ही एकमेकांत गुंतलंय, तेवढं सोडवा. आणि एक बघा: त्या जत्रेत आचार्यांना चंद्रीची आठवण येते, तिच्याकडे जावं असंही मनात येतं, पण सगळा वेळ छळणारा प्रश्न "मी ठरवून केलं की माझ्या हातून घडलं" हाच असतो. तिचं पुढे काय झालं असेल, तिला काय वाटलं असेल, यावर त्यांचं मन फार वेळ थांबत नाही. तुम्ही त्यांच्याबरोबर चालताना हे तुमच्या लक्षात आलं होतं का? नसेल आलं तर ते बैठकीत सांगा. यजमानीणीनेच असं काही कबूल केलं की बाकीच्यांच्या जिभा सैल होतात. व्ही. एस. नायपॉलसारख्या लेखकाने 1977 च्या भारतावरच्या आपल्या पुस्तकात या आचार्यांवर पानंच्या पानं लिहिली आणि त्यांना स्वतःतच अडकलेला माणूस ठरवलं. मला ते वाचन फार एकांगी वाटतं. नायपॉलना आचार्यांत सगळा हिंदू समाज बघायची घाई झालेली आहे. पण आवडलेल्या पात्राबद्दल कुणीतरी इतकं कडक बोललेलं वाचलं की आपलं आवडणं तपासून घेता येतं.

दुसरी बैठक घ्याच. नवं पुस्तक न घेता, याच पुस्तकावर, आणि तुमच्याच घरी. कुणी काय मत दिलं याची फेरी लावू नका; "आवडलं, नाही आवडलं" एकदा सांगून टाकलं की माणूस उरलेला वेळ ते मत राखत बसतो. काकांचा अर्धा तास, मग सोन्याचा प्रसंग, मग प्रेताचं काय झालं, एवढ्यात दीड तास सहज जाईल. भाषांतरांचाही फायदा घ्या. इंग्रजीवाल्यांच्या हातात बहुधा ए. के. रामानुजन यांचं 1976 चं भाषांतर असेल. त्याच्या शेवटी त्यांचं स्वतःचं टिपण आहे, ते आधी वाचू नका म्हणावं, बैठकीनंतर वाचा. एखादा परिच्छेद काकांना कन्नडमधून वाचायला सांगा. कुणाला कळला नाही तरी चालेल. शेवट उघडा आहे, आचार्य गाडीत बसून परत अग्रहाराकडे निघालेत, पुढे काय होईल ते लेखकाने सांगितलेलं नाही. यावर "मग ते कबूल करतील का?" असा कौल घ्यायचा मोह होईल. टाळा. तो खेळ दहा मिनिटांत संपतो आणि आधीची सगळी गुंतागुंत त्यात हरवते.

सिनेमा बघायचा असेल तर बैठकीनंतर. आधी बघितलात तर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे गिरीश कार्नाडच आचार्य होऊन बसतील आणि पुस्तकातला माणूस हटेल. चंद्रीचं काम स्नेहलता रेड्डींनी केलंय. आणीबाणीत त्यांना तुरुंगात टाकलं होतं. तिथे दम्याने खंगून सुटल्या आणि थोड्याच दिवसांत, जानेवारी 1977 मध्ये गेल्या. चंद्री पडद्यावर फार कमी बोलते, पण बघा.

राहिलं हलकंफुलकं. घ्या की, दर महिन्याला स्वतःला भाजून घ्यायलाच हवं असा नियम थोडाच आहे. फक्त ते या दुसऱ्या बैठकीनंतर घ्या, आधी घेतलंत तर सगळ्यांना कळेल की आपण पळालो. आणि निवड या वेळी काकांकडे सोपवा. त्यांनी एखादी अशी कादंबरी काढली की जी तुम्हाला आणि त्या मुलीला दहाव्या पानावरच खटकते, तरी ती तुम्ही दोघींनी पूर्ण वाचून यायचं, आणि खटकलेल्या जागांचे पान क्रमांक लिहून आणायचे.